प्रिंटर का रुसतो? सेलूच्या एका दुकानातून चाळीस वर्षांचा इतिहास

आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे, पण ते सुरू होतं एका दुकानात. दुकान सेलूतलं. परभणी जिल्ह्यातलं सेलू नव्हे, वर्धा जिल्ह्यातलं, वर्धा-नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. अशी दुकानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही दोघं त्या दुकानात बसलो होतो. खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आलेली, बाकावर पाच-सहा शेतकरी, हातात सातबारा आणि पासबुकाच्या प्रती.

दुकानातला कॉम्प्युटर जुना. विंडोज सात त्याच्यावर होतं आणि पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसांनी ते पार थकलं होतं. विंडोज सातचा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्यावर लायनक्स चढवलं. कॉम्प्युटर पळायला लागला. सकाळी दुकानदाराचा फोन: "सर, कॉम्प्युटर तर मस्त चालू रायला, पण प्रिंटर काही ऐकून नाही रायला."

दुकानात प्रिंटर दोन. एक कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला मोठा लेझर प्रिंटर. दुसरा छोटा, स्वस्तातला, नवा. पुढच्या दोन दिवसांत या दोघांनी आम्हाला तीन वेगवेगळे बिघाड दाखवले, आणि दोघांचाही ज्यात काही दोष नव्हता असा चौथा एका फाइलीने दाखवला. आम्ही ते कसेबसे सोडवले. पण घरी परतताना लक्षात आलं की हे चारही बिघाड वेगवेगळ्या काळातले होते. कॉम्प्युटरपासून कागदापर्यंतचा रस्ता एकाने एका वेळी बांधलेला नाही. त्याचे थर आहेत, जुन्या विहिरीच्या बांधकामासारखे. कोणता थर केव्हा आणि का घातला गेला हे माहीत असेल, तर पाणी कुठे झिरपतंय ते सापडतं. आज आपण हेच करणार आहोत: एक बिघाड, एक काळ.

पहिला बिघाड सर्वांत साधा. मोठ्या प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, केबल ठीक, कागद भरलेला. प्रिंटची आज्ञा दिली की पडद्यावर सगळं सुरळीत दिसायचं आणि कागद मात्र यायचा नाही. दुकानदाराने तीच आज्ञा अकरा वेळा दिली होती.

यासाठी आपल्याला त्या काळात जावं लागतं, जेव्हा एका मोठ्या यंत्रावर अनेक जण काम करत आणि सगळ्यांत मिळून प्रिंटर एक. प्रिंटर संथ, माणसं उतावीळ. म्हणून मध्ये रांग आली. कागदपत्र थेट प्रिंटरकडे जात नाही. आधी डिस्कवर थांबतं आणि पाळी आली की पुढे सरकतं. रांग सांभाळणारा एक प्रोग्राम पाठीमागे सतत जागा असतो. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये त्याचं नाव होतं एलपीडी, म्हणजे लाइन प्रिंटर डेमन. नेटवर्कवरून त्याच्याशी कसं बोलायचं, याची पद्धत १९९० मध्ये लिहून प्रसिद्ध झाली. आज लायनक्सवर हे काम 'कप्स' नावाची प्रणाली करते. मायकेल स्वीट यांनी ती १९९७ मध्ये लिहायला घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. २००२ मध्ये ॲपलने आपल्या मॅकसाठी तीच घेतली.

आता आपल्या दुकानाकडे. आदल्या रात्री चाचणीचं पान जात असताना लाईट गेली होती. प्रिंटर उत्तर देईना, तेव्हा कप्सने रांगच थांबवली. बिघडलेल्या प्रिंटरवर शंभर कागदपत्रं फुकट जाऊ नयेत म्हणून ही शिस्त आहे, आणि मोठ्या कार्यालयात ती योग्यही आहे. पण लाईट आली, प्रिंटर उठला, तरी रांग थांबलेलीच राहिली. तिला कुणी 'चल' म्हटलंच नव्हतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढे कोलन आणि ६३१ हा आकडा टाकला की कप्सचं पान उघडतं. तिथे त्या प्रिंटरसमोर 'थांबवलेला' असं स्पष्ट लिहिलं होतं. आधी साचलेल्या अकरा आज्ञा रद्द केल्या, मग रांग सुरू केली. हा क्रम महत्त्वाचा. उलट केलं असतं तर एकाच अर्जाच्या अकरा प्रती निघाल्या असत्या.

इथे थोडं थांबू, कारण अडलेला प्रिंटर आणि ताटकळणारी माणसं या चित्राला इतिहासात एक मोठी जागा आहे. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण प्रोग्रामर काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम प्रयोगशाळेकडेच असल्याने त्याने त्यात एक सोय घातली होती. कागद अडकला, की ज्यांची कामं रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, आणि कुणीतरी उठून कागद काढायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. वेगवान आणि सुबक, पण कागद त्यातही अडकायचाच. स्टॉलमनला तीच सोय यातही घालायची होती. या वेळी प्रोग्रामचा मूळ मजकूर मात्र मिळाला नाही. ज्या संशोधकाकडे तो होता, त्याच्याकडे कार्नेगी मेलन विद्यापीठात जाऊन त्याने मागितला. त्या माणसाने कंपनीला गुप्ततेचं वचन दिलेलं होतं. त्याने नकार दिला.

'एका प्रिंटरमुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जन्मली' असं पुष्कळदा सांगितलं जातं. इतिहास म्हणून ते अर्धंच खरं आहे. प्रयोगशाळेतली मंडळी नव्या कंपन्यांमध्ये विखुरली आणि एकमेकांचे प्रोग्राम वाटून घेण्याचा रिवाज मोडला, हे कारणही तितकंच मोठं होतं. पण नकाराचा तो प्रसंग स्टॉलमन पुढे स्वतः सांगत राहिले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्सने आपलं लायनक्स लोकांसमोर ठेवलं. आज आपण ज्याला सरसकट लायनक्स म्हणतो, त्यात या दोन्ही प्रवाहांचं पाणी आहे. म्हणजे जो प्रिंटर लायनक्सवर चालत नाही म्हणून आपण चिडतो, तसलाच एक प्रिंटर या सगळ्याच्या उगमापाशी उभा आहे.

आता दुसरा बिघाड. रांग सुरू झाली, मोठा प्रिंटर घरघरला आणि कागद ओकायला लागला. पहिल्या कागदावर वरच्या कोपऱ्यात टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह, पी, एस ही अक्षरं, आणि खाली इंग्रजी शब्द आणि आकड्यांच्या ओळीच ओळी. दुसरा कागद तसाच, तिसरा तसाच. बाकावरचे एक काका म्हणाले, "हे कोणतं फॉर्म आहे जी? विमा याच्यावर भेटते का?" सगळे हसले, पण कागदाचे पैसे दुकानदाराचे जात होते. प्रिंटर बंद केला.

हा बिघाड भाषेचा. पान कसं दिसावं हे कॉम्प्युटरला प्रिंटरला सांगावं लागतं, आणि त्यासाठी दोघांची एक भाषा लागते. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणली. १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर ती भाषा बोलत बाजारात आला. त्या प्रिंटरच्या पोटात प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा, आणि ज्याच्याकडून त्याने आज्ञा घ्यायच्या त्या मॅकिंटॉशचा ८ चा. किंमत ६,९९५ डॉलर. हेवलेट-पॅकार्डने १९८४ च्या आपल्या लेझरजेटमध्ये पीसीएल ही वेगळी, साधी भाषा ठेवली होती आणि तो प्रिंटर निम्म्या किमतीत दिला होता. दोन भाषा, दोन घराणी.

युनिक्सच्या जगाने पोस्टस्क्रिप्ट आपली मानली. पण ती समजणारा प्रिंटर घेणं सगळ्यांना थोडंच परवडणार? हा तिढा सोडवला एल. पीटर डॉइच यांच्या घोस्टस्क्रिप्टने. १९८८ पासून हा प्रोग्राम मोकळेपणाने उपलब्ध आहे. तो दुभाष्या आहे. एका बाजूने पोस्टस्क्रिप्ट घेतो आणि दुसऱ्या बाजूने तुमच्या प्रिंटरला कळेल त्या भाषेत देतो. मात्र समोर कोण बसलंय ते दुभाष्याला सांगावं लागतं. आम्ही घाईत यादीतून 'सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर' निवडला होता. आमच्या मोठ्या प्रिंटरला फक्त पीसीएल येत होती. समोरून पोस्टस्क्रिप्ट आल्यावर त्याने ती साधा मजकूर समजून शब्दशः छापून टाकली. त्या कागदांवर जे होतं तो कचरा नव्हता, ते पान कसं काढायचं याचं वर्णन होतं. यादीत जाऊन नेमकं मॉडेल निवडलं आणि पाच मिनिटांत पहिला विमा अर्ज हातात आला. काकांनी तो उजेडाकडे धरून वाचला.

म्हणून खूणगाठ बांधू: कागदच येत नसेल तर आधी रांग बघा, कागद येतो पण भलतंच छापतो, तर भाषा, म्हणजे ड्रायव्हर बघा.

तिसरा बिघाड छोट्या प्रिंटरचा, आणि तो खरा चिवट. पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हर घालून आम्ही त्याला चालू केलं होतं, चार पानं छानही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेल्यासारखा. रांग चालू, ड्रायव्हर तोच, केबल तीच.

१९९० च्या दशकात किमतींची स्पर्धा लागली. लेझररायटरच्या पोटात जो महाग प्रोसेसर होता, तोच काढून टाकला तर? पान आखण्याचं सगळं काम कॉम्प्युटरने करायचं, प्रिंटरने फक्त ठिपके उमटवायचे. प्रिंटर स्वस्त झाले, आणि म्हणूनच ते सेलूसारख्या गावातल्या दुकानात पोचले, हेही विसरू नये. पण बुद्धी बाहेर गेली ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, आणि तो ड्रायव्हर बंद पेटीत. काही कंपन्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. प्रिंटरचा स्वतःचा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तोही प्रिंटरमध्ये कायमचा ठेवला नाही. प्रिंटर चालू झाला की विंडोजचा ड्रायव्हर दर वेळी तो भरतो, आणि वीज गेली की प्रिंटर सगळं विसरतो.

आमचं नेमकं तेच झालं होतं. ड्रायव्हर बसवताना फर्मवेअर एकदा भरलं गेलं. प्रिंटर पुन्हा चालू झाला की ते पुन्हा भरण्याचा नियम आम्ही बसवलाच नव्हता. रात्री दुकान बंद झालं आणि प्रिंटर कोरा झाला. ज्या गावात दिवसातून दोनदा लाईट जाते, तिथे हा प्रिंटर दिवसातून दोनदा कोरा होणार!

अशा प्रिंटरांना लायनक्सवर बोलतं केलं ते बाहेरच्या माणसांनी. रिक रिचर्डसन यांचा फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर त्यातला एक. प्रिंटरकडे जाणाऱ्या माहितीचा अर्थ लावत लावत हे काम होतं. कंपन्यांची बाजूही एकसारखी नव्हती. हेवलेट-पॅकार्डने लायनक्ससाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर-संच दिला, पण काही मॉडेलांसाठी त्याला बंद पेटीतला एक तुकडा जोडावाच लागतो. कोणता प्रिंटर किती चालतो याची यादी लोकांनीच जमवली. ग्रँट टेलर यांनी सुरू केलेली ती यादी पुढे टिल काम्पेटर यांच्या ओपनप्रिंटिंग गटाकडे आली. तिच्यात प्रिंटरांच्या प्रती लावल्या होत्या: उत्तम चालतो, बराचसा चालतो, थोडाफार चालतो, आणि शेवटची प्रत 'पेपरवेट'. म्हणजे कागदावर ठेवायच्या कामाचा.

आमचा छोटा प्रिंटर पेपरवेट ठरला नाही. नियम बसवला, मुद्दाम तीनदा वायर काढून घातली, तिन्ही वेळा तो उठला. पण यात आमचा अर्धा दिवस गेला, आणि त्या अर्ध्या दिवसात दोन जण कागद न घेता परत गेले. त्यातल्या एकाला पुन्हा यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून यायचं होतं. बिघाडाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आम्हाला तिथे पडला.

चौथा बिघाड प्रिंटरचा नव्हता, तरी ग्राहकाच्या लेखी तोही प्रिंटरचाच. एक बाई मुलाच्या शाळेसाठीचा मराठी अर्ज पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आल्या. छापला, तर कागदावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मघाच्या पोस्टस्क्रिप्टसारखीच दिसणारी, पण कारण अगदी वेगळं.

हा थर आपल्या लिपीचा आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं संकेत-मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. आणि लायनक्सही त्याच वर्षीचं. पण टायपिंगच्या टेबलावर बराच काळ राज्य केलं ते वेगळ्याच युक्तीने. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरायचे. कृतिदेव हे त्यातलं आपल्या भागात सर्वांना माहीत असलेलं नाव. अशा फाइलीत कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतेच, रोमन अक्षरं असतात. फाँट त्यांना मराठी वेश चढवतो. तो फाँट आमच्या नव्या लायनक्सवर नव्हता, म्हणून वेश उतरला.

ओळखायची खूण सोपी. पडद्यावरच खिचडी दिसत असेल तर दोष फाँटचा. पडद्यावर मराठी आणि कागदावर खिचडी, तर ड्रायव्हरचा. आम्ही बाईंचा अर्ज युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. लोहितसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट लायनक्सबरोबर येतातच. आणि दुकानदाराला सांगितलं, मराठी मजकूर शक्यतो पीडीएफ करून मागव. पीडीएफच्या पोटात फाँट सोबत येऊ शकतो.

आता थोडं दुकानाबाहेर. त्याच रस्त्याने पुढे गेलं की वर्धा येतं, आणि वर्ध्यात यंत्राचा विषय निघाला की चरखा निघतोच. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी आज वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. नीट देखभाल केली तर किमान वीस वर्षं चालायला हवं. आणि वर्षाचा देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. दीडशेवर पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. ते बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, तिथे जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी तेलघाणी आणि हातकागदासारख्या कामांत गुंतले.

गांधीजींना आपण लायनक्सचे पूर्वज करू नये. तो मोह इतिहासाने टाळावा. पण त्या अटींमध्ये एक गोष्ट ठळक आहे. दुरुस्ती हा नंतरचा विचार नव्हता. यंत्राच्या व्याख्येतच ती लिहिलेली होती, किती खर्चात आणि कुणाच्या घरात यासकट. स्टॉलमनला मिळालेल्या त्या नकाराचा आणि आमच्या छोट्या प्रिंटरचा प्रश्न नेमका हाच. ज्याच्या दुकानात यंत्र बंद पडतं, त्याला ते उघडून बघायची मुभा आहे की नाही?

चित्र आज बरंच बदललं आहे. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, कारण फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर भरणं शक्यच नव्हतं. २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे सर्वांसाठी खुलं मानक आलं. असा प्रिंटर आपली ओळख आणि आपली क्षमता स्वतः सांगतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कप्सची वाटचालही त्याच दिशेने आहे. म्हणून नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया हे शब्द शोधा. ते असतील तर तो लायनक्सवर बहुधा मुकाट्याने चालेल. ज्या सोयीसाठी मुक्त सॉफ्टवेअरवाले इतकी वर्षं झगडले, ती बरीचशी फोनच्या बाजारामुळे मिळाली, ही या इतिहासातली गंमत.

पण सेलूतले, आर्वीतले, हिंगणघाटातले जुने प्रिंटर लगेच भंगारात जाणार नाहीत. विंडोज दहाचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा दुकानांत लायनक्स चढवणारी मुलं आता गावोगावी असतील, आणि त्यांच्यापुढे हेच चार थर येतील.

त्या दुसऱ्या संध्याकाळी दुकानदाराने एक काम केलं. पोस्टस्क्रिप्ट छापून वाया गेलेल्या कागदांपैकी एक घेतला, त्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या आणि प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवल्या. 'कागद येत नाही: रांग बघा, जुने काम आधी रद्द करा. भलतेच छापते: मॉडेल बघा. लाईट जाऊन आली: छोट्याला एक मिनिट द्या. स्क्रीनवरच मराठी दिसत नाही: फाँट.' आम्ही गेल्या दिवाळीत पुन्हा गेलो, तेव्हा तो कागद भिंतीवर होता. खाली पाचवी ओळ आली होती, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात. दुकानात नव्याने बसायला लागलेल्या त्याच्या भाचीने ती लिहिली होती: 'आधी केबल बघा.'

ती ओळ आमच्या यादीत नव्हती, आणि खरं तर ती पहिली असायला हवी होती. आता प्रश्न घेऊ.